कात्री बाजूला ठेवा: ऑडबॉल बेसबॉल कार्डांचं खोकं हाती आलं तर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. शेजारच्या आजोबांनी घर विकताना आमच्या 13 वर्षांच्या मुलाला जुन्या बेसबॉल कार्डांचं एक खोकं दिलं. नेहमीची कार्डं त्यात थोडीच, बाकी सगळं विचित्र. काही कार्डं गोल आहेत आणि त्यांतल्या खेळाडूंच्या टोपीवर संघाचं चिन्हच नाही. नाश्त्याच्या सीरियलच्या डब्यातली थ्रीडी कार्डं आहेत, पण ती वाकली आहेत. केकच्या खोक्यांच्या तळाचे, तीन-तीन कार्डं छापलेले न कापलेले पुठ्ठे आहेत. शिवाय कापडी स्टिकर, आणि पाकीटभर छोटे स्टिकर व त्यांचा कोरा अल्बम. दुकानदाराने "ही ऑडबॉल आहेत, फार काही येणार नाही" म्हणून परत दिली. मुलगा मात्र यातच रमलाय. पुठ्ठे कापून, स्टिकर चिकटवून सगळं नीट लावायचं म्हणतोय. ह्यांचं म्हणणं, छंदच करायचा तर "खरी" कार्डं घ्या. या विचित्र कार्डांत लोकांना एवढं काय दिसतं? आणि आम्ही आता नेमकं काय करावं? – एक आई

उत्तर : आधी घरातली कात्री काही दिवस मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. बाकी सगळं निवांत करता येईल, पण कापलेला पुठ्ठा पुन्हा जोडता येत नाही आणि सोललेला स्टिकर पुन्हा कोरा होत नाही. तुमच्या मुलाचा डोळा चांगला आहे. त्याला जे आवडलंय ते आवडण्यासारखंच आहे, आणि त्यामागे भक्कम कारणं आहेत.

"खरी" कार्डं म्हणजे काय, ते तुमच्या ह्यांना आधी सांगा. टॉप्स कंपनीने 1957 साली 2.5 × 3.5 इंचांचं माप धरलं आणि पुढे सगळ्यांनी तेच चालवलं. दरवर्षी एक मोठा संच, च्युइंग गमच्या पाकिटातून विकलेला. या चौकटीबाहेरचं जे काही निघालं ते ऑडबॉल: सीरियलच्या डब्यातलं, चिप्सच्या पुड्यातलं, पोलिसांनी शाळकरी मुलांना वाटलेलं, गोल, कापडी, खरवडायचं, पत्र्याचं. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवायचे तशीच ही गोष्ट आहे. वस्तू विकायची होती दुसरीच, चित्र तिच्या पाठीवर बसून घरात आलं.

आणि ते तसं का आलं, ही या कार्डांची खरी गंमत. ऑडबॉल कार्डाचा विचित्रपणा बहुधा चित्रकाराच्या डोक्यातून आलेला नसतो. कुठला तरी करार, परवाना, कोर्टाचा निकाल किंवा छपाईची सोय यांनी त्याला तसा आकार दिलेला असतो. तुमच्या खोक्यातली गोल कार्डं बघा. 1976 च्या सुमारास एमएसए नावाच्या कंपनीने 3⅜ इंच व्यासाच्या अशा चकत्या बनवल्या आणि पाठीवर वेगवेगळ्या दुकानांच्या, चिप्सवाल्यांच्या जाहिराती छापून दिल्या. खेळाडूंचे चेहरे वापरायला खेळाडूंच्या संघटनेची परवानगी होती, संघांच्या बोधचिन्हांची नव्हती. म्हणून टोपीवरचं चिन्ह रंगाने बुजवलं. पुढची बाजू तीच, पाठ वेगळी. क्रेन पोटॅटो चिप्सची पाठ बरीच मिळते, इतर काही पाठी शोधाव्या लागतात. त्यामुळे गोल कार्ड हाती आलं की आधी उलटं करून बघायचं.

स्टिकरांची गोष्ट तर थेट कोर्टातून निघते. खेळाडूंशी केलेल्या करारांमुळे गमसोबत त्यांची कार्डं विकायचा हक्क वर्षानुवर्षं टॉप्सकडेच होता. फ्लीअर कंपनी या मक्तेदारीविरुद्ध कोर्टात गेली, 1980 साली निकाल तिच्या बाजूने लागला आणि 1981 मध्ये फ्लीअर व डॉनरस या दोन्ही कंपन्यांची कार्डं गमसकट बाजारात आली. त्याच वर्षी अपिलात निकाल फिरला. गम आणि मिठाईसोबत कार्डं विकायचा हक्क पुन्हा टॉप्सकडे गेला. मग 1982 साली फ्लीअरने पाकिटात गमऐवजी संघांच्या चिन्हांचे स्टिकर घातले आणि डॉनरसने बेब रूथच्या चित्राच्या कोड्याचे तुकडे. कोडं 63 तुकड्यांचं, एका कार्डावर तीन. म्हणजे पाकिटातला जो स्टिकर लोक फेकून देत, तो त्या निकालाचा परिणाम होता. त्याआधी 1951 साली टॉप्सवरच ही वेळ आली होती. तेव्हा गमचे करार बोमन कंपनीकडे होते, म्हणून टॉप्सने टॉफीसोबत पत्त्यांसारखा खेळ विकला: गोलाकार कोपऱ्यांची, लाल आणि निळ्या पाठीची प्रत्येकी 52 छोटी कार्डं. एकदा हे कळलं की मुलगा प्रत्येक विचित्र कार्डाला "हे असं का?" विचारू लागेल, आणि बऱ्याचदा उत्तर त्याच कार्डाच्या पाठीवर सापडेल.

म्हणूनच आमचा सल्ला एका वाक्याचा आहे: वस्तू ज्या रूपात निघाली त्या रूपात ठेवा. बाकी सगळं त्याच्याच पोटात येतं.

केकचे पुठ्ठे होस्टेस कंपनीचे असणार. 1975 ते 1979 या काळात दरवर्षी 150 कार्डं, तीन-तीनचे 50 पुठ्ठे, खोक्याच्या तळाला छापलेले. एक कार्ड साधारण 2¼ × 3¼ इंच, अख्खा पुठ्ठा 7¼ इंच लांब. त्या काळच्या मुलांनी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कार्डं कापली, आणि तुटक रेघ कधी आत गेली, कधी बाहेर राहिली. म्हणून सरळ कापलेलं कार्डसुद्धा चांगलं मानतात आणि अख्खा पुठ्ठा त्याहून बराच वर धरतात. काही पुठ्ठे कमी खपणाऱ्या केकच्या खोक्यांवर होते, ते आज कमी दिसतात. तेव्हा कुठलाही पुठ्ठा तपासल्याशिवाय "हा काय, साधाच" म्हणू नका. पुठ्ठ्यावर तुपकट डाग असतील तर राहू द्या. खोडरबर, टिश्यू, स्पिरिट, काहीही लावू नका. डाग जात नाही, पसरतो, आणि वरची शाई मात्र निघते. पुठ्ठा मावेल असं पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट घ्या, आत आम्लरहित पुठ्ठ्याचा आधार द्या आणि आडवा ठेवा.

थ्रीडी कार्डं केलॉग्जची असावीत. 1970 ते 1983 या काळातली. यातलं एक कार्ड खिडकीजवळ धरून तिरपं करून पाहा. पुढच्या बाजूला प्लॅस्टिकच्या बारीक उभ्या रेघा दिसतील. खेळाडू पुढे आणि मैदान मागे भासतं ते या रेघांमुळे. हे प्लॅस्टिक कागदावर चिकटवलेलं आहे. दोन्ही थर उष्णता आणि दमटपणा वेगवेगळ्या प्रमाणात झेलतात, एक आकसतो, दुसरा तेवढा आकसत नाही, म्हणून कार्ड धनुष्यासारखं वाकतं. सर्वांत मोठी चूक होते ती इथे. जाड पुस्तकाखाली दाबून सरळ करायला गेलं की प्लॅस्टिकला केसासारखी चीर जाते. साध्या उजेडात ती दिसतही नाही, तिरप्या उजेडात लख्ख दिसते, आणि कार्डाची किंमत तिथेच पडते. इस्त्री, हेअर ड्रायर, वाफ हे तर अजिबात नको. वाकलेलं कार्ड आधी मऊ स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला, मग जरा ढिल्या कडक पाकिटात. ते आपल्या मनाने थोडं सरळ झालं तर झालं, नाहीतर वाकलेलंच बरं. विकत घेताना विक्रेत्याकडे तिरप्या उजेडातला फोटो मागा. सरळ समोरून काढलेल्या फोटोत चीर लपते. एक बारकावा: 1973 चा संच थ्रीडी नाहीच, साधा सपाट आहे. तो पाहून "नकली" म्हणून टाकू नका. आणि 1971 चा पूर्ण संच पत्र पाठवून मागवता येत नव्हता, कार्डं फक्त डब्यांतून निघत, म्हणून तो जमवायला सर्वांत चिवट.

कापडी स्टिकर बहुधा टॉप्सचे 1977 चे: 55 खेळाडू आणि 18 कोड्याचे तुकडे. पुढे कापड, मागे सोलायचा कागद. जुना गोंद वाळला की कागद कोपऱ्यातून सुटू लागतो. सुटलेला कागद पुन्हा चिकटवू नका, तसाच स्टिकरमागे ठेवून दोन्ही एका स्लीव्हमध्ये सरकवा. छोट्या स्टिकरांचं पाकीट आणि अल्बम कोणत्या वर्षाचा ते मुखपृष्ठावर दिसेल. 1981 चा असेल तर तो टॉप्सने इटलीच्या पानिनीकडून करून घेतलेला, 262 स्टिकरांचा.

आता चिकटवायच्या हौसेबद्दल. ती मारू नका. अल्बम हा चिकटवण्यासाठीच असतो, आणि 1980 च्या दशकातले स्टिकर इतके छापले गेले की पाकिटंच्या पाकिटं आजही थोडक्या डॉलरांत मिळतात. खोक्यातला कोरा अल्बम बाजूला ठेवा. मुलाला त्याच संचाचा दुसरा, अर्धवट भरलेला अल्बम आणि सुटे स्टिकर घेऊन द्या. त्यात तो खुशाल चिकटवू दे. कापायची हौस असेल तर टॉप्सने 1986 पासून पाकिटांच्या मोठ्या खोक्यांच्या तळाला चार-चार कार्डं छापली, ती स्वस्त आहेत. स्टीलची पट्टी, धारदार कटर, खाली कापायची मॅट. रेघेच्या बाहेरच्या बाजूने, एका दमात नाही तर दोन-तीन हलक्या ओढींत. बेब रूथचं 63 तुकड्यांचं कोडंही त्याला सुटं करून जोडू दे. तेही महाग नाही.

साठवणीसाठी खर्च फार नाही, पण वस्तू नेमक्या घ्या. पानांवर "पॉलिप्रॉपिलीन" लिहिलेलं हवं. पीव्हीसीची मऊ पानं नकोत, उघडताच झोंबरा प्लॅस्टिकचा वास येतो ती. त्यांतलं तेलकट द्रव्य वर्षांनी बाहेर येतं आणि कार्डाचा पृष्ठभाग पानाला चिकटतो. आजोबांच्या खोक्यात जुनी पानं असतील तर कार्डं आजच बाहेर काढा. चिकटली असतील तर ओढू नका, पान कडेने कापून हळू उलगडा. नऊ खणांच्या पानात फक्त प्रमाण मापाची कार्डं बसतात. गोल चकत्यांना चार खणांचं पान लागतं. पत्र्याचे बिल्ले, म्हणजे टॉप्सचे 1964 आणि 1971 चे दीड इंची कॉइन, नाण्यांच्या पानांत बसतात. त्यांना गंज धरतो, म्हणून सोबत सिलिका जेलची पुडी. करवती कडांची 1969 ची काळी-पांढरी कार्डं स्लीव्हमध्ये घालताना एक-एक दाता अडकतो. आधी स्लीव्हचं तोंड बोटाने उघडा, कार्ड वरून सोडा, ढकलू नका. बाइंडर डी आकाराच्या कड्यांचा घ्या. गोल कड्यांच्या बाइंडरमध्ये आतल्या बाजूच्या कार्डांवर कड्याचा दाब पडून वळ उठतो. रबर बँड कुठेही दिसला तर काढून टाका, कडांना खाचा त्यानेच पडतात. जागा मात्र बेसमेंट नको आणि माळाही नको. न्यू जर्सीत उन्हाळ्यात बेसमेंट दमट असतो आणि माळा तापतो. बेडरूमच्या कपाटात, जमिनीपासून वर, साधारण 40 ते 50 टक्के आर्द्रता हे पुरेसं. सात-आठ डॉलरांचं आर्द्रतामापक आत ठेवलं की अंदाज बांधायला नको.

खोकं लावायला बसाल तेव्हा आधी सगळ्याचे फोटो काढा, जसं आहे तसं, वरच्या थरापासून. कुठली कार्डं कुठल्या पाकिटात एकत्र होती हे मोलाचं आहे. शेजारच्या आजोबांचा फोन नंबर असेल तर त्यांना विचारून घ्या: चकत्या कुठल्या दुकानातून आल्या, कुठला सीरियल घरात येत असे. उत्तरं वहीत लिहा, कार्डावर नाही, पेन्सिलीनेही नाही. एखादी पाठ एकाच भागात वाटली गेली असेल, तर ती नेमकी कोणती हे ओळखायला अशी साधी माहितीच कामी येते.

ओळख पटवायला मुलाला 10 पट मोठं दाखवणारं भिंग घेऊन द्या. जुन्या छपाईत चित्र रंगीत ठिपक्यांच्या जाळीचं असतं, पण काळी अक्षरं आणि चौकटीच्या रेघा सहसा सलग काळ्या असतात. स्कॅन करून काढलेल्या नकलेत अक्षरांतसुद्धा ठिपके दिसतात. दुसरी परीक्षा अतिनील दिव्याची. युद्धापूर्वीच्या कागदात चमक आणणारी रसायनं नसत, त्यामुळे 1910 चं म्हणून विकलेलं कार्ड या दिव्याखाली निळसर पांढरं उजळलं तर हात आखडा. 1960-70 च्या कार्डांना ही परीक्षा लावू नका, त्या कागदांत अशी रसायनं असू शकतात. "टेस्ट इश्यू" (चाचणीपुरता काढलेला संच), "प्रूफ" (छपाईआधीची नमुनाप्रत), "कोरी पाठ" हे शब्द दिसले की दुप्पट सावध. खोटं करायला सर्वांत सोपं तेच. 1989 च्या फ्लीअरमधलं बिली रिपकेनचं कार्ड हे ठळक उदाहरण. बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली छापली गेली, कंपनीने घाईघाईने काळा चौकोन, खरवड, पांढरा पट्टा अशा नाना तऱ्हांनी ती झाकली. शिवी दिसणारं कार्ड सहज मिळतं, पांढऱ्या पट्ट्याचं दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच करेक्शन फ्लुइड लावून घरी बनवलेली "दुर्मीळ" कार्डं फिरतात.

आता पैशाचा मुद्दा. दुकानदार खोटं बोलला नाही. त्याच्याकडे ऑडबॉलला गिऱ्हाईक कमी. पण त्यामुळेच छोट्या खिशाला हा प्रांत परवडतो. 1982 चा के-मार्टचा 44 कार्डांचा डबाबंद संच आजही जेवणाच्या खर्चात मिळतो. किंमत बघताना विक्रेत्याने मागितलेली नाही, प्रत्यक्ष विक्री झालेली पाहा, ईबेवर "सोल्ड" गाळणी लावून. ग्रेडिंगला, म्हणजे पीएसएसारख्या संस्थेकडून दर्जा ठरवून प्लॅस्टिकमध्ये बंद करून घ्यायला, यातलं काही सध्या पाठवू नका. बहुतेक ऑडबॉल कार्डांच्या बाबतीत फी कार्डापेक्षा जास्त होते. कोणतं कार्ड कुठल्या संचातलं हे बघायला ट्रेडिंग कार्ड डेटाबेस या संकेतस्थळावर याद्या आहेत. तिथे आपल्याकडे काय आहे आणि काय हवंय हेही नोंदवता येतं.

आणि व्याप्ती ठरवा, नाहीतर घर भरेल आणि संग्रह होणार नाही. "सगळी ऑडबॉल" ही यादी कधीच संपत नाही. मुलाला तीन वाटा सुचवा. एक, नमुना संग्रह: प्रत्येक प्रकारचं फक्त एक कार्ड, म्हणजे एक गोल, एक थ्रीडी, एक कापडी, एक खरवडायचं. दोन, एकच खेळाडू. तुमच्या भागात न्यू यॉर्क मेट्सचा टॉम सीव्हर चांगला, केलॉग्ज आणि होस्टेस दोन्हींत सापडतो. तीन, विचित्र चित्रांची कार्डं, यासाठी खिसा सर्वांत कमी लागतो. 1976 च्या टॉप्समध्ये कर्ट बेव्हाक्वा गमचा भलामोठा फुगा फुगवताना आहे, 1984 च्या फ्लीअरमध्ये ग्लेन हबर्डच्या खांद्यावर अजगर आहे, 1990 च्या स्कोअर कंपनीच्या संचात बो जॅक्सन खांद्यावर फुटबॉलचं चिलखत घालून बॅट धरून उभा आहे. 1969 च्या टॉप्समध्ये ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या नावाखाली संघाचा बॅटबॉय उभा आहे, तेही फार महाग नाही. हँक ॲरनचं 1957 चं उलट छापलेलं, डावखुरा दिसणारं कार्ड मात्र चित्रातच पाहून समाधान मानावं.

हा पोरकटपणा नाही याची ह्यांना खात्री पटवायची असेल, तर रविवारी ट्रेनने न्यू यॉर्क गाठा. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक यांचा संग्रह आहे: तीन लाखांहून अधिक छापील चिठोऱ्या, त्यांत 30,000 च्या वर बेसबॉल कार्डं. कार्डांना आज जी टी 206 सारखी नावं आहेत ती त्यांच्याच कॅटलॉगमधली, टी म्हणजे तंबाखू. त्या काळाच्या रीतीप्रमाणे त्यांनी ती अल्बममध्ये चिकटवली. पाठी त्यामुळे झाकल्या गेल्या, आणि आज कोणी तसं करत नाही ते याच कारणाने. काही कार्डं आळीपाळीने मांडलेली असतात. निघण्यापूर्वी संकेतस्थळावर बघून घ्या.

डुप्लिकेट सापडली की अदलाबदल सुरू होईल. पोस्टाने पाठवताना कार्ड आधी स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात. टॉपलोडरचं तोंड रंगाऱ्यांच्या निळ्या टेपने बंद करा आणि टेपचं टोक दुमडून ठेवा, म्हणजे उघडताना ओढायला येतं. साधी पारदर्शक चिकटपट्टी नको. तिचा गोंद टॉपलोडरवर राहतो आणि कार्ड काढताना त्याला चिकटतो. गोल चकती टॉपलोडरमध्ये गरगरत राहते, म्हणून तिला चार खणांच्या पानाचा एक खण कापून त्यात घाला आणि दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरा. पुठ्ठे चकतीपेक्षा सर्व बाजूंनी अर्धा इंच मोठे हवेत. होस्टेसचा अख्खा पुठ्ठा मात्र साध्या पाकिटातून कधीच पाठवू नका. पोस्टाच्या यंत्रातून जाताना तो दोन कार्डांमधल्या रेघेवर मोडतो. बबल मेलर, आत पुठ्ठ्याचे दोन थर, आणि ट्रॅकिंग नंबर समोरच्याला त्याच दिवशी कळवा. मुलगा 13 वर्षांचा आहे, तेव्हा पत्ते, व्यवहार आणि अनोळखी लोकांशी बोलणं तुमच्या खात्यावरूनच होऊ द्या.